एक सूत मोकळं

खोका पादला म्हणून मी सुतार झाले. कोणी विचारलं तर मी सांगते की बापाचा धंदा होता, तोच हाती आला. ते खोटं नाही, पण पुरं खरंही नाही. बापाचा धंदा मुलीच्या हाती आपोआप येत नसतो, निदान आमच्या अकोल्याच्या गल्लीत तरी येत नव्हता. गफ्फारभाईच्या टॅक्सीतला तो खोका पहिल्याच दिवशी नीट वाजला असता, तर मी जन्मभर भुसा झाडत राहिले असते.

आमचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे चूल. मधल्या भिंतीला दाराची जागा होती, पण दार नव्हतं. "साऱ्या अकोल्याले दारं करून देते हा मानूस, आन घरच्या चुलीले एक दार नाई," असं माय येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. दार नसल्यामुळे दुकानातला भुसा भाकरीवर बसायचा आणि चुलीचा धूर फळ्यांना लागायचा. सकाळी मला जाग यायची ती बाबांच्या रंध्यानं. सागावर रंधा सर्र असा लांब चालायचा, बाभळीवर खर्र खर्र अडायचा, आंब्याच्या लाकडावर मऊ, कोणी कापूस पिंजावा तसा. डोळे उघडायच्या आत मला कळायचं आज काय काम आहे. चुलीच्या एका अंगाला अंबाडीची भाजी शिजायची आणि दुसऱ्या अंगाला सरस. सरस म्हणजे कातड्या-हाडांचा डिंक. तो तापला की असा वास सुटायचा की पाहुणे जेवायला थांबत नसत. माय म्हणायची, "चांगलंच हाये. दळन वाचते."

चौथीनंतर माझी शाळा सुटली. कोणी सोडवली नाही, सुटली. इंचाचे आठ सूत हे मला शाळेआधीच येत होतं आणि त्याच्या पुढचं गणित आमच्या घरी लागत नव्हतं. दुकानात मला तीन कामं होती. सरस ढवळायचा, लांब फळीचं दुसरं टोक धरायचं आणि संध्याकाळी भुसा झाडायचा. झाडून झालं की बाबा कंबरेवर हात ठेवून बघायचे आणि रोज तेच म्हणायचे, "शेवंते, कोपऱ्यात राह्यलं." कोपरा चाटून साफ केला तरी कोपऱ्यात राह्यलेलंच असायचं. माझा भाऊ कारखान्यात नोकरी लागून पुण्याकडे निघून गेला, तेव्हा त्याचा रंधा खिळ्याला टांगलेला राहिला. शिसवीचा, हाताला बसून बसून गुळगुळीत झालेला. दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल लागायचं, बाकी वर्षभर धूळ. मला तो रंधा हवा होता. दुसरं काही नको होतं, ना बांगड्या, ना नवं लुगडं. मी दोनदा मागितला.

"पोरीच्या जातीनं रंध्याले हात नाई लावू," बाबा म्हणाले. "फळी रुसते."

"फळी कशी रुसंन?"

"तू लावून पाह्य, मंग सांगतो कोन रुसते थे."

गफ्फारभाई आला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. त्याची अँबॅसॅडर अकोला ते अमरावती फेऱ्या मारायची. गाडीत त्यानं टेप बसवला होता, पुढे दोन छोटे स्पीकरही होते, पण त्याचं समाधान नव्हतं. त्यानं डिकीतून एक गोणपाटाचं गाठोडं काढलं, सोडलं, तर आत परातीएवढा काळा स्पीकर. मागे लोहचुंबक इतकं जड की मला दोन हातांनी उचलावं लागलं. गफ्फारभाई हिंदी आणि वऱ्हाडीची खिचडी बोलायचा.

"मिस्त्री, गाडी में सब टिन-टिन हो रहा. ढोलकी बजती तो लगता कोई डब्बा ठोक रहा. मले धम पाहिजे, धम! छाती में लगना चाहिए. इसकू डिकी में बिठाना है, मस्त खोका बना दो."

"खोकाच ना?" बाबा म्हणाले. "चार फळ्यांचं काम."

मला मात्र तो स्पीकर पाहूनच अंगात काहीतरी चढलं होतं. गफ्फारभाईनं तारा जोडून जमिनीवर ठेवूनच तो वाजवून दाखवला. एवढा मोठा, आणि आवाज चिमणीएवढा. मग मी त्याच्या मागे हात धरला तर मागूनही वारा येत होता, पुढूनही येत होता. पुढचा वारा मागच्याला जाऊन मिळत होता आणि दोघं मिळून काहीच करत नव्हते. खोका कशाला लागतो ते मला तेव्हाच दिसलं. मागचा वारा कोंडायला. मी बोलले नाही. बोलून उपयोग नव्हता.

बाबांनी त्या खोक्याला मेळघाटातलं सागवान लावलं. आमच्याकडे चांगल्या लाकडाची एकच परीक्षा होती. बोटाच्या पेरानं ठोकायचं. मडकं घेताना माय ठोकायची तसंच. टणक, लांब आवाज आला की बाबा म्हणायचे, "हे बोलतं लाकूड हाये." त्यांनी सगळ्यात बोलतं सागवान निवडलं, चौकटी केल्या, चौकटींना खाचा मारल्या आणि खाचांत फळ्या बसवल्या, पेटीला बसवतात तशा. आणि प्रत्येक खाचेत फळीला एक सूत मोकळं सोडलं. ही त्यांच्या कामाची खूण होती. दुसरे सुतार फळी दाबून बसवायचे, मग पावसाळ्यात दार फुगून अडायचं आणि उन्हाळ्यात फळी तडकायची. बाबांचं दार कधी अडलं नाही. "झाड तोडलं म्हंजे मेलं असं नाई," ते सांगायचे. "थे पान्यात फुगते, उन्हात आखडते. त्याले हालाले एक सूत मोकळं द्या, मंग थे नातवापर्यंत टिकते." मी आजही दार करते तर ते सूत सोडते.

खोका झाला तेव्हा गल्ली बघायला आली. पॉलिश केलेला, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, नवरीच्या सामानात शोभेल असा. गफ्फारभाईनं बिडी पेटवली, डिकीत खोका ठेवला, टेप लावला. ढोलकी सुरू झाली आणि प्रत्येक थापेला खोक्यातून आवाज आला, पुर्र. पुर्र. पुर्र-पुर्र.

मग गफ्फारभाई बिडी हातात धरून म्हणाला, "मिस्त्री, ये तो पाद रहा है."

गल्ली जी हसली, ती हसलीच. माय चुलीपाशी पदर तोंडात कोंबून बसली. बाबांचा चेहरा सागवानासारखा झाला. ते म्हणाले, स्पीकर फाटका असंल. पण मी गफ्फारभाईच्या बिडीकडे बघत होते. तो खोक्यावर वाकला होता आणि बिडीचा धूर फळीच्या कडेजवळ आला की प्रत्येक थापेला झटका खाऊन बाहेर उडत होता. मी बोट लावलं. त्या एका सुतातून वारा येत होता. बाबांनी लाकडासाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेतून सगळा धम पळून जात होता.

"बाबा, सुतातून पादून राह्यला थो."

हे मी गल्लीसमोर बोलायला नको होतं. पण मी तेव्हाही अशीच होते.

बाबांनी रागारागानं सरसात भुसा कालवला आणि सगळी फट बुजवली. दोन दिवस खोका छान वाजला. गफ्फारभाई खूश. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची गाडी उन्हात उभी होती. अकोल्याचं ऊन काय असतं ते अकोल्याबाहेरच्यांना सांगून कळत नाही, वर तापलेली डिकी. सवारी बसत होती तेवढ्यात आतून काडकन आवाज झाला. बाईमाणसं खाली उतरून पळाली. फळीला हालायला जागा राहिली नव्हती, ती मधोमध फुटली. गफ्फारभाई खोका खांद्यावर घेऊनच दुकानात आला. "या तो पादता है, या तो फटता है. मिस्त्री, इसकू क्या खिलाया?"

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मायनं वांग्याची भाजी आणि रोडगे केले होते, बाबांच्या आवडीचे, तरी नाही. मी मात्र चार खाल्ले, कारण मला उत्तर सापडलं होतं आणि मला काही केल्या गप्प बसवत नव्हतं. गोष्ट सोपी होती. सूत सोडलं तर वारा जातो, सूत भरलं तर फळी फुटते. म्हणजे असं लाकूड पाहिजे ज्याला सूत लागतच नाही. फुगत नाही, आखडत नाही, गुमान बसून राहते.

"असं लाकूड देवानं नाई केलं," बाबा म्हणाले.

"देवानं नाई, गिरणीनं केलं. प्लाय."

बाबा प्लायला पापड म्हणायचे. थरावर थर चिकटवलेला पापड. त्यांच्या दुकानात तो कधी आला नव्हता. "माह्या हातून पापड नाई लागनार," ते म्हणाले. माय आतून ओरडली, "अवो, सागवान लावून गल्लीत नाक गेलं, आता पापड लावून पाहा. पापडानं अजून काय जानार हाये?"

बाबांनी फुटलेली फळी खोक्यातून उपसून काढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निवड तू. कोनता पापड पाहिजे थे."

माझ्या छातीत तेव्हाच धम झालं. मी लगेच म्हटलं, "नीट वाजला तर दादाचा रंधा माहा."

"आन पादला तर?"

"तर कधी मांगनार नाई."

"तसं नाई. पादला तर दुकानात पाय नाई ठेवाचा. मायजवळ चूल फुकाची."

मी हो म्हटलं. विचार करून म्हटलं नाही. विचार केला असता तर घाबरले असते.

दुसऱ्या दिवशी मी बाबांसोबत लाकडाच्या वखारीत गेले आणि जे दिसेल ते ठोकत सुटले. वखारवाला हसला, "मिस्त्री, पोट्टी मडकं घ्याले आली का?" मी पहिल्यांदा चूक केली ती आमच्या घरातलीच. जी फळी ठणठण बोलली ती बाजूला काढली. पातळ होती, गोरी होती, आवाज छान. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याला बोलायला स्पीकर आहे. खोक्यानंही तोंड उघडलं तर दोघांची भांडणं. गाण्यात धम पाहिजे तो स्पीकरचा, लाकडाचा नको. म्हणजे बोलतं लाकूड नको, मुकं पाहिजे. मी सगळं परत ठेवलं आणि उलटं ठोकायला लागले. आता ज्यातून थप्प असा मेला आवाज येईल ते बाजूला. वखारवाल्याला वाटलं पोरीला ऊन लागलं.

मुके तीन निघाले. एक भुशाची दाबलेली फळी, जड, ठोकली तर अगदी मुकी. एक सहा सूत जाडीचं स्वस्त प्लाय. आणि एक तेवढंच जाड पण जास्त भारी, काळसर कडांचं, त्याला वखारवाला पाण्याचं प्लाय म्हणायचा. तिघांचे तुकडे मी घरी आणले आणि आंघोळीच्या पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवर होता, त्यात टाकले. डिकीत पावसाचं पाणी झिरपतं हे गफ्फारभाई बोलून गेला होता, ते माझ्या ध्यानात होतं.

माय म्हणाली, "आता लाकूड शिजवतं का व? फोडनी कायची देऊ?"

तासाभरानं झाकण काढलं. भुशाची फळी भिजलेल्या पोह्यांसारखी फुगून दुप्पट झाली होती, बोट लावलं तर बोट आत. स्वस्त प्लायचे थर सुटून तरंगत होते. बाबा इतका वेळ काम करायचं सोंग करत होते, ते ताडकन उठून आले. "मनलं नव्हतं? पापड!" फार दिवसांनी त्यांना आनंद झालेला पाहिला. मग मी चिमट्यानं तिसरा तुकडा काढला. तो तसाच होता. बाबांनी तो उन्हात ठेवला, दुपारी मोजला, कडा नखानं उचकटून पाहिल्या, दातानंही पाहिल्या. आणि प्लाय आणायला स्वतः गेले.

आता माझं दुकान अमरावतीला, वलगावच्या रस्त्यावर आहे. गाडीवाली पोरं येतात, म्हणतात, आजी, अठरा एमएमचं एमडीएफ लावा, मोबाइलमध्ये दाखवलं. अठरा एमएम म्हणजे आमचं सहा सूतच की, जरासं कमी. एमडीएफ वाईट नाही. मुकं आहे, सरळ कापलं जातं, गोल भोक साफ पडतं. पण ते त्या भुशाच्या फळीचंच नातेवाईक. उघड्या कडेला पाणी लागलं की पोहे झालेच. मी त्यांना सांगते, गाडी घरात उभी राहत असेल तर एमडीएफ घ्या आणि कडा नीट बंद करून घ्या. वरूडच्या संत्र्यांच्या बागेत चिखलातून फिरवत असाल तर चांगलं प्लाय घ्या. सागवान मागितलं तर हाकलून देते. त्यांना वाटतं म्हातारी खडूस आहे. आहेच.

तर बाबा प्लाय कापायला बसले. मी शेजारी उभी. पहिली बाजू कापली, दुसरी कापली, जोडून पाहिली, तर कोपऱ्यात उजेड दिसला. मी पट्टी लावली. एक सूत कमी.

"बाबा, सूत सोडलं तुमी."

"नाई सोडलं."

"हे पाहा."

त्यांनी पाहिलं. दुसरी फळी घेतली, खूण केली, कापली. पुन्हा एक सूत कमी. तिसऱ्यांदा त्यांनी खूण बरोबर केली आणि करवत खुणेच्या आतून चालली. मी हसले नाही, हे मी देवाशपथ सांगते. बाबा करवत खाली ठेवून स्वतःच्या हाताकडे असे बघत बसले, जणू तो शेजाऱ्याचा आहे. "मी त्याले सांगून राह्यलो," ते म्हणाले, "पन ऐकून नाई राह्यला थो." जन्मभर त्या हाताला एकच गोष्ट शिकवली होती.

मग ते उठले आणि खिळ्यावरून भावाचा रंधा काढला. फुंकर मारली, पातं अंगठ्यानं पाहिलं, ठोकून बसवलं आणि माझ्यापुढे धरला. "आजच्यापुरता. तुह्या हाताले अजून कायची सवय नाई. खुनेच्या बाहेरून कापतो मी, तू घासून खुनेवर आन. थोडा जरी उजेड दिसला तर रंधा खिळ्याले आन तू चुलीले."

पहिला हात मी इतका दाबून मारला की रंधा अडकला आणि मीच फळीवर पडले. "घोड्यावर बसली का? दाबू नको, ढकल," बाबा म्हणाले. दुसऱ्यांदा ढकलला आणि प्लायच्या कडेवरून पट्ट्यापट्ट्यांचा केसासारखा छिलका निघाला. पांढरा थर, तांबडा थर, पांढरा थर. कोणतीच फळी रुसली नाही. मी दोन दिवस घासत होते. घासायचं, जोडायचं, उन्हाकडे धरायचं, उजेड दिसला की पुन्हा घासायचं. हाताला फोड आले, फुटले, मी त्यांना चिंधी बांधली. माय भाकर आणून तिथेच ठेवायची आणि म्हणायची, "खाय बाई, प्लाय खाऊ नको." शेवटी सहाही फळ्या अशा बसल्या की उन्हाचा धागा आत जाईना. आतल्या कोपऱ्यांना आम्ही लाकडाच्या पट्ट्या सरसात ठोकल्या, स्क्रू मारले, आणि स्पीकरच्या कडेखाली बसवायला मी सायकलची जुनी ट्यूब गोल कापून घातली. ती माझी युक्ती. बाबांनी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

हा खोका दिसायला साधा होता, काळा रंग, पितळ नाही. गल्ली पुन्हा जमली, या खेपेला हसायच्या तयारीनं. पण बाबा म्हणाले, इथे नाही, रस्त्यावर. मग गफ्फारभाई, बाबा पुढे आणि मी मागे, आम्ही अमरावतीच्या रस्त्यानं निघालो. शहर मागे पडेपर्यंत गफ्फारभाईनं टेप लावला नाही. माझ्या हाताच्या चिंधीला घाम आला होता. मला सारखी चूल दिसत होती.

"लगाऊं?" त्यानं विचारलं.

"लाव," बाबा म्हणाले.

ढोलकी पडली. धम.

कानात नाही, पाठीत. सीटमधून आली, मणक्यातून वर चढली आणि छातीत बसली. धम, धम, धम. काचा थरथरल्या. बाजूनं जाणाऱ्या बैलगाडीचा बैल मान वळवून बघायला लागला. गफ्फारभाईनं दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलून आरोळी ठोकली, "वा रे मेरी बेटी!" आणि बाबांनी घाबरून एका हातानं स्टीअरिंग धरलं. मी काय ओरडले मला आठवत नाही, पण घसा दोन दिवस बसला होता. पुढे बोरगाव मंजू गावाशी बाबांनी गाडी थांबवायला लावली. उतरले, डिकी उघडली, गाणं चालूच. खोक्यावर हात सपाट ठेवला. लाकूड मुकं होतं, हलत नव्हतं. मग त्यांनी गफ्फारभाईच्या तोंडातली बिडी घेतली, कधी ओढत नसत, आणि तिचा धूर चारी कडांवरून हळूहळू फिरवला. धूर सरळ वर गेला. कुठेच हलला नाही.

बाबांनी बिडी परत दिली आणि डिकी लावली. "चाल घरी," एवढंच म्हणाले. रंध्याबद्दल चकार शब्द नाही. मला वाटलं विसरले, किंवा विसरायचं ठरवलं. मी रस्ताभर रागानं हाताची चिंधी सोडत-बांधत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली, तर रंध्याचा आवाज नव्हता. दुसराच कसला तरी आवाज येत होता, खरड खरड, मला ओळखू येईना. उठून दुकानात आले. माझा रंधा, पातं लावून तेल दिलेला, फळीवर ठेवला होता, आणि फळीला खुणा करून ठेवल्या होत्या. बाबा वाकून भुसा झाडत होते. मला त्यांनी पाहिलं, तरी झाडतच राहिले. झाडून झालं तसे ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

मी रंधा उचलला, आणि जमिनीकडे पाहिलं.

"बाबा," मी म्हटलं, "कोपऱ्यात राह्यलं."